पॉलिशनंतरही तपकिरी पडणाऱ्या पट्ट्या: जुन्या ट्रकच्या मूळ स्टेनलेसमधील दोष कसा शोधावा

लक्षणे

काचेभोवतीची, दरवाज्यावरची किंवा बॉनेटच्या कडेची स्टेनलेसची पट्टी पॉलिश करून आणल्यावर आठ-पंधरा दिवस आरशासारखी दिसते आणि मग तिच्यावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटू लागतात. कधी पट्टी स्वच्छ राहते, पण क्लिपच्या जागेखालून गाडीच्या रंगावर तपकिरी ओघळ उतरतो. कधी पट्टी चमकते, मात्र तिच्यात पाहिल्यास विजेचा सरळ खांब नागमोडी दिसतो. कधी ती एका टोकाला पत्र्यापासून उचलली जाते आणि खराब रस्त्यावर खडखडते. पॉलिश होऊन आलेल्या पट्टीवर एखाद्या जागी पिवळसर किंवा निळसर झाक राहिलेली असते, असेही काही वेळा आढळते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला माझे छोटे वर्कशॉप आहे आणि जुन्या शेव्हरोले, डॉज, फार्गो, बेडफर्ड अशा गाड्यांच्या पट्ट्या मी बरीच वर्षे दुरुस्त करत आलो आहे. पहिल्या दोन लक्षणांच्या पट्ट्यांत मला बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळली: पट्टीचा धातू शाबूत होता, आणि गंजत होते ते बाहेरून येऊन तिच्यावर बसलेले किंवा तिला चिकटून राहिलेले दुसरेच लोखंड. स्टेनलेस पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो थर पुन्हा भरून येतो. सोलापूरपासून समुद्र अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि इथली हवा वर्षाचे बरेच महिने कोरडी असते. अशा ठिकाणी निरोगी पट्टी आठ दिवसांत आपोआप तांबडी पडत नाही. म्हणून ठिपके दिसताच पट्टी पुन्हा पॉलिशला टाकू नये. मूळ पट्टीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा धातू कायमचा जातो, आणि कारण जागेवरच राहिल्यामुळे ठिपके परत येतातच.

बिनखर्चाच्या तपासण्या

सर्वप्रथम पट्टी गाडीवर असतानाच साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवावी, तिच्या कडेला साचलेली माती बांबूच्या काडीने काढावी आणि कोरड्या कापडाने पुसावी. आपल्याकडची काळी माती ओलावा धरून ठेवते. पट्टीच्या मागे ती घट्ट बसली की तिथपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि ज्या थरामुळे स्टेनलेस टिकते तो थर नेमका तिथे दुबळा पडतो. सप्टेंबरातील पावसानंतर आलेल्या गाड्यांत मी हा प्रकार सर्वांत जास्त पाहिला आहे. भांडी घासायची तारेची घासणी, तारेचा ब्रश आणि फरशी धुण्याचे ॲसिड या तीन वस्तू पट्टीजवळ आणूच नयेत. पहिल्या दोन्हींमुळे लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, आणि फरशीच्या ॲसिडमधील क्लोराइडमुळे धातूत टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात, जे पुढे कोणत्याही पॉलिशने भरून येत नाहीत.

धुतल्यानंतर प्रत्येक ठिपक्याची जागा शेजारच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने नोंदवावी आणि आठ दिवस थांबावे. या नोंदीचे महत्त्व मला उशिरा कळले, पण आता मी ती टाळत नाही. ठिपके जुन्याच जागी परत आले, तर लोखंडाचा कण धातूत रुतलेला आहे किंवा तिथे खड्डा पडलेला आहे. ठिपके नव्या जागी आले, तर गाडी जिथे उभी असते तिथे कुठेतरी ग्राइंडर चालतो आहे आणि त्याच्या ठिणग्या किंवा लोखंडी धूळ पट्टीवर येऊन पडते आहे. अशा वेळी पट्टीला काहीही करण्याची गरज नसते. गाडीची जागा बदलावी किंवा तिच्यावर कापड घालावे. फॅब्रिकेशनच्या शेडशेजारी उभ्या केलेल्या गाड्यांत हे हमखास होते.

त्यानंतर आपल्या हातात आहे ती पट्टी खरोखर स्टेनलेसची आहे का, हे पाहावे. इथे चुंबकाबद्दलचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चुंबक चिकटला म्हणजे पट्टी लोखंडाची, असे अनेक जण मानतात आणि चांगली मूळ पट्टी भंगारात देऊन टाकतात. गाड्यांच्या पट्ट्यांसाठी वापरला जाणारा 430 प्रतीचा स्टेनलेस 16 ते 18 टक्के क्रोमियमचा असतो, त्यात निकेल जवळजवळ नसते आणि त्याला चुंबक चांगला चिकटतो. 304 या स्टेनलेसच्या दुसऱ्या प्रतीला सपाट भागावर चुंबक चिकटत नाही, पण जिथे पत्रा दाबून वाकवलेला असतो त्या कडेला थोडी ओढ जाणवते. म्हणून निर्णय चुंबकावर न सोडता पट्टी उलटी करून मागची बाजू पाहावी. क्रोमचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी पट्टीच्या मागे मुलामा विरळ असतो, तिथे सगळीकडे सारखा गंज दिसतो आणि पुढच्या बाजूला मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. स्टेनलेसची पट्टी मागूनही राखाडी आणि स्वच्छ असते. गंज असला तर फक्त क्लिपच्या जागी असतो. हातात घेतल्यावर पट्टी फारच हलकी वाटली आणि चुंबक अजिबात चिकटला नाही, तर ती ॲल्युमिनियमची असण्याची शक्यता धरावी, कारण ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते. तिची रीत पूर्ण वेगळी आहे आणि पुढे सांगितलेले काहीही तिच्यावर करू नये. कॉस्टिक सोडा तर तिला लावूच नये, त्याने ती काळवंडते आणि खाल्ली जाते.

अमेरिकन गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोरियन युद्धाच्या काळात, विशेषतः 1951 ते 1953 या वर्षांत, अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध होते आणि त्या काळातील अनेक भागांवरचा मुलामा निकेलचा पुरेसा थर न देता चढवलेला असे. त्या वर्षांच्या गाडीवर शेजारी-शेजारी एक भाग मुलाम्याचा आणि एक स्टेनलेसचा असू शकतो, म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासावा.

क्लिपा आणि छिद्रे

ओघळाचे लक्षण असेल तर बहुतेक वेळा शोध इथेच संपतो. पट्टी धरून ठेवणाऱ्या क्लिपा साध्या स्प्रिंग पोलादाच्या असतात. स्टेनलेस आणि साधे पोलाद एकमेकांना लागून ओले राहिले की साधे पोलाद अधिक वेगाने गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे फुगलेली क्लिप पट्टीला आतून बाहेर ढकलते. टोक उचलले जाणे, खडखड आणि ओघळ ही तीन लक्षणे एकाच गाडीवर एकत्र दिसतात ती यामुळेच.

क्लिप काढताना स्क्रू ड्रायव्हरने पट्टीची कड उचकटू नये. दोन प्लास्टिकच्या पाचरी एका क्लिपच्या दोन्ही बाजूंना सरकवून थोडे-थोडे उचलत जावे. क्लिप धरून बसली असेल तर गंज सैल करणारे तेल लावून रात्रभर थांबावे. घाईने ओढलेल्या पट्टीला क्लिपच्या जागी जो मोड पडतो, तो काढण्यास मला कधी कधी पूर्ण दुपार लागली आहे. क्लिपा निघाल्यावर पत्र्यातील छिद्रांची कड पाहावी. ती गंजलेली असल्यास गंज काढून, प्राइमर आणि रंग देऊन, छिद्राभोवती ब्युटाइल टेपचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीचा, लहान तुकडा लावावा, म्हणजे पाणी दरवाज्याच्या आत उतरणार नाही. नव्या क्लिपा शक्यतो स्टेनलेसच्या घ्याव्यात. मूळ क्लिप नटबोल्टची असेल तर नट बोटाने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे. त्याहून जास्त आवळल्यास पट्टी त्या जागी आत ओढली जाते आणि खांब नागमोडी दिसू लागतो. हा दोष पॉलिशचा समजून मालक पॉलिशवाल्याशी भांडतात, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

काचेच्या रबरात बसवलेली पट्टी मात्र स्वतः उचकटू नये. वर्षानुवर्षे उन्हात तापून रबर दगडासारखे झालेले असते आणि चाळीस अंशांच्या वर जाणारा आपला उन्हाळा पाहता ते लवचीक राहिलेले असण्याची शक्यता कमी असते. पट्टी वाचवताना काच तडकली, तर तशा मापाची वक्र काच मिळवणे पट्टी मिळवण्याहून अवघड असते. जुन्या गाड्यांच्या काचा बसवणारा कारागीर बोलवावा, रबर कापून काढण्याची तयारी ठेवावी आणि नवे रबर हातात आल्याशिवाय जुने कापू नये.

ओल्या टॉवेलची चाचणी

पट्टी काढून झाली, क्लिपा वेगळ्या केल्या, तरीही ठिपक्यांचे कारण नक्की झाले नसेल, तर पांढरा सोलापुरी टॉवेल फिल्टरच्या पाण्यात भिजवून पट्टीभोवती गुंडाळावा, वरून प्लास्टिक लावावे आणि चोवीस तास ठेवावे. बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार पांढरे डाग सोडतात आणि निष्कर्ष गोंधळतो. टॉवेलवर जिथे तपकिरी ठसा उमटेल तिथे पृष्ठभागावर मोकळे लोखंड आहे, हे निश्चित समजावे. ठसा टॉवेलवर राहतो, त्यामुळे पट्टीची बाजू खुणेने जुळवून ठेवली तर नेमकी जागा सापडते.

असे लोखंड काढण्यासाठी घासण्याची गरज नसते. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. हे द्रावण साधारण पाच टक्क्यांचे होते. स्टेनलेसच्या अशा प्रक्रियेसाठी जे अमेरिकन मानक आहे, त्यात 4 ते 10 टक्के सायट्रिक ॲसिड आणि 21 ते 49 अंश सेल्सिअस तापमानाला किमान 20 मिनिटे सांगितलेली आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गच्चीवरील टाकीतले पाणी मुळातच या मर्यादेत तापलेले असते, वेगळे गरम करावे लागत नाही. पट्टीवर तेल किंवा मेण राहिले तर द्रावण धातूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती आधी साबणाने पूर्ण स्वच्छ करावी. लांब पट्टीसाठी एका टोकाला बूच लावलेला पीव्हीसी पाइप पुरेसा होतो. बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवून, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, पुन्हा धुवून लगेच पुसावी आणि टॉवेलची चाचणी परत करावी. या द्रावणात ब्लीच किंवा दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो.

दुसऱ्या चाचणीतही त्याच जागी ठसा उमटला, तर भिंगातून पाहावे. काळा, तळ न दिसणारा खड्डा असल्यास तो पट्टीचा स्वतःचा दोष आहे. असा खड्डा उथळ असेल तर घासून निघतो. खोल असेल तर पट्टी पातळ करण्यापेक्षा तो तसाच ठेवून वर्षातून दोनदा मेण लावणे मी पसंत करतो.

पॉलिश कोणत्या बफावर झाली?

ही चौकशी फुकट आहे, पण उत्तर मिळवणे अवघड असल्याने मी ती इतक्या उशिरा सांगत आहे. काही वर्षांपूर्वी एका मालकाच्या दरवाज्याच्या दोन पट्ट्या तीन वेळा पॉलिश होऊन आल्या आणि तीनही वेळा पंधरवड्यात ठिपके आले. मी स्वतः त्या पॉलिशवाल्याकडे जाऊन बसलो. त्याच बफावर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, आधी लोखंडी गेटच्या कड्या झाल्या होत्या. कापडाच्या चाकात अडकलेले लोखंडाचे बारीक कण दाबासह स्टेनलेसवर पसरले जात होते, आणि ताज्या पॉलिशमुळे ते काही दिवस दिसत नव्हते. सायट्रिकच्या एका प्रक्रियेने त्या पट्ट्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून मी माझे बफ वेगळे ठेवतो, त्यावर मार्करने खूण करतो आणि बाहेर काम द्यायचे असेल तर बफ स्वतः घेऊन जातो. सोलापुरात टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांमुळे सुती चिंध्यांना तोटा नाही, त्यामुळे कापडाचे नवे बफ शिवून घेणे हा फार मोठा खर्च नाही.

पोचे काढणे आणि पॉलिश

इथून पुढचे काम हाताच्या सवयीचे आहे. आधी एखाद्या फुटक्या तुकड्यावर सराव करावा, मूळ पट्टीवर नाही. स्टेनलेस ठोकल्यावर कडक होत जाते. एकाच जागी वारंवार मारल्यास ते ताणले जाऊन फुगते आणि शेवटी तडकते. म्हणून पट्टीच्या बाहेरच्या आकाराची खाच असलेला बाभळीच्या लाकडाचा ठोकळा तासून घ्यावा, पट्टी त्यात पालथी ठेवून शंभर ग्रॅमच्या आसपासच्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने पोच्याच्या कडेपासून मध्याकडे हलके टोले द्यावेत, आणि दर काही टोल्यांनंतर बारीक कानस पुढच्या बाजूने फक्त एकदा अलगद फिरवावी. कानशीने चमकलेली जागा उंच असते, न लागलेली जागा खोल असते. उंच भाग कानशीने कापून सपाट करण्याचा मोह टाळावा, तो ठोकूनच खाली बसवावा.

पृष्ठभाग सारखा झाल्यावर पाणीपेपर 320, 400, 600 आणि 800 या क्रमाने, म्हणजे जाड्याकडून बारीककडे, वापरावा. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने फिरवावा, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाहीत ते दिसते. पायरी गाळल्यास बफ फक्त ओरखड्यांच्या कडा गोल करतो आणि उन्हात ते सगळे पुन्हा दिसतात. बफासाठी 200 मिलिमीटर व्यासाचे कापडी चाक आणि मिनिटाला 2,800 फेऱ्यांची मोटर पुरेशी आहे. चाकाच्या कडेचा वेग तेव्हा मिनिटाला सुमारे 1,750 मीटर होतो. स्टेनलेससाठी हिरवा साबण, म्हणजे बफाला लावायची पॉलिशची हिरवी वडी, वापरावा. पट्टी एका जागी थांबवू नये. स्टेनलेसमधून उष्णता हळू वाहते, तापमान साधारण 300 अंशांच्या पुढे गेले की पिवळी आणि नंतर निळी झाक येते, आणि त्या झाकेखालच्या धातूत क्रोमियम कमी झालेले असते. ती पेपरने काढावी लागते, नाहीतर पुढे तिथेच डाग पडतात.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. पट्टी नेहमी लाकडी पट्टीवर बांधून धरावी आणि चाक कडेवरून बाहेर जाईल अशाच दिशेने लावावी. कड चाकाकडे तोंड करून राहिली तर चाक पट्टी ओढून घेते, तिचे कोयत्यासारखे पाते होते आणि ती वाकून कायमची वाया जाते. चष्मा आणि मास्क हवाच. सैल बाह्या, उपरणे, सैल हातमोजे आणि अंगठ्या नकोत.

कुठे थांबावे

पट्टी हाताच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर बफावर एकट्याने धरू नये, अनुभवी पॉलिशवाल्याला द्यावी. तडा गेला असेल तर ठोकणे त्याच क्षणी थांबवावे आणि पातळ पत्र्यावर आर्गन वेल्डिंग करणारा शोधावा. त्याला आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर टाका मारून दाखवण्यास सांगावे, कारण जाड पाइप जोडणारा चांगला वेल्डरही अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पाडू शकतो. तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडण्याचा सल्ला पट्टीबाबत घेऊ नये. पुढून ते छिद्र दिसतच राहते. क्रोमच्या मुलाम्याचे काम घरी कोणत्याही परिस्थितीत करू नये, त्याची रसायने अत्यंत विषारी असतात. पट्टीमागचा पत्रा बोट दाबल्यावर आत जात असेल, तर आधी डेंटरचे काम आहे आणि पट्टीचा विचार त्यानंतर करावा.

मूळ पट्टी शोधावीच लागली तर

खड्डे आरपार गेले असतील किंवा टोक तुटून हरवले असेल, तरच हा सर्वांत वेळखाऊ मार्ग धरावा. गाडीचा वंश माहीत असेल तर शोधाचे क्षेत्र वाढते. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा जुळणी कारखाना 1928 ते 1954 या काळात चालू होता, त्यामुळे त्या काळातील शेव्हरोलेच्या भागांसाठी अमेरिकेतील विक्रेत्यांकडेही चौकशी करता येते. 1947 ते 1955 च्या सुरुवातीपर्यंतच्या शेव्हरोले ट्रकच्या ॲडव्हान्स डिझाइन मालिकेत डीलक्स केबिनच्या खिडक्यांभोवती स्टेनलेसच्या पट्ट्या असत. फार्गो आणि डॉज ही क्रायस्लरचीच दोन नावे होती, म्हणून फार्गोची पट्टी डॉजच्या नावानेही शोधावी. टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांचे सहकार्य 1954 ते 1969 असे होते. त्या काळातील टेल्को ट्रकच्या भागांसाठी जर्मन याद्या पाहाव्यात. परदेशातील पट्टी डाव्या बाजूच्या स्टीयरिंगच्या गाडीची असू शकते, हे मात्र मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जवळचा शोध पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि आपल्या भागात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांवर घ्यावा. जाताना पट्टीच्या आडव्या छेदाचा पुठ्ठ्याचा साचा, लांबी, रुंदी आणि क्लिपांमधील अंतरे लिहिलेला कागद आणि छोटा चुंबक खिशात असावा. दूरच्या विक्रेत्याकडून मागच्या बाजूचे छायाचित्र मागवावे. पुढची बाजू चमकवता येते, मागची खरी स्थिती सांगते. मधोमध पोचा असलेली पण दोन्ही टोके शाबूत असलेली पट्टी मी निःशंकपणे घेतो, आणि वरून सुंदर दिसणारी पण टोकाला तडा गेलेली सोडून देतो, कारण पोचा निघतो, टोक नव्याने घडवता येत नाही. मिळालेली पट्टी गाडीवर चढवण्यापूर्वी तिलाही एक रात्र ओल्या टॉवेलमध्ये ठेवावे. आधीच्या मालकाने ती कशाने घासली होती, हे टॉवेलवरच कळते.